ॲना कॅथरिन ग्रीन : एका वकीलकन्येची लेखणी

रहस्यकथा आणि गुप्तपोलिसी कादंबरी यांस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जे स्थान मिळत आले, ते माजघरातल्या फडताळासारखे आहे. त्यात काय ठेविले आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. परंतु आल्यागेल्यापुढे ते कोणी उघडीत नाही. दिवाणखान्यातील कपाटात ज्ञानेश्वरी, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आणि इंग्रजी कवींचे संग्रह दिमाखाने उभे असत. दातारशास्त्र्यांची वा बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके मात्र उशीखालून निघत. वडील माणसे मुलांस त्यावरून रागे भरत, आणि निजानीज झाली म्हणजे कंदिलाची वात मोठी करून तेच पुस्तक स्वतः हाती घेत. असल्या वाचनाने मनास काही लाभ होतो, की घटकाभर जीव रमतो इतकेच, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस एका अमेरिकन बाईंच्या चरित्राची आठवण होते. ते चरित्र आपल्याकडे फारसे परिचित नाही, म्हणून आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

या बाईंचे नाव ॲना कॅथरिन ग्रीन. न्यू यॉर्कच्या शेजारच्या ब्रुकलिन शहरी ११ नोव्हेंबर १८४६ रोजी त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांच्या असतानाच त्या मातृसुखास अंतरल्या. वडील जेम्स विल्सन ग्रीन हे वकील होते. वकिलाच्या घरी वाढलेल्या मुलांस एक शिक्षण शाळेबाहेर आपोआप मिळत असते. पक्षकार येतात, कागद उलगडले जातात, साक्षी तपासल्या जातात. ‘असे झाले’ आणि ‘असे झाल्याचे सिद्ध झाले’ यांत किती अंतर आहे, हे अशा घरातील मूल खेळता खेळता शिकते. ग्रीनबाईंच्या पुढील सर्व लेखनाचा पाया या घरगुती शिक्षणाने घातला. पुढे सावत्र आई घरी आली. परंतु ‘सावत्र’ या शब्दासरशी आपल्या मनात जे चित्र उभे राहते, त्याचा येथे मागमूसही नव्हता. उलट या मुलीच्या लेखनास तिनेच उत्तेजन दिले.

व्हर्मॉंट संस्थानातील पोल्टनी या गावी मुलींचे रिप्ली कॉलेज होते. तेथील शिक्षण ग्रीनबाईंनी १८६६ साली पुरे केले. त्या काळी अमेरिकेतही स्त्रियांस उच्च शिक्षण क्वचितच मिळे. तेव्हा ही पदवी लहानसहान गोष्ट नव्हती. मनातून मात्र त्यांना व्हावयाचे होते ते कवयित्री. राल्फ वाल्डो इमर्सन हे तत्त्वज्ञ त्या वेळी अमेरिकन वाङ्मयातील ऋषितुल्य पुरुष मानले जात. १८६८ साली ग्रीनबाईंनी आपल्या कविता त्यांच्याकडे पाठवून अभिप्राय विचारला. इमर्सनांनी उत्तर दिले ते सौजन्याचे. परंतु कविता हेच जीवितकार्य करावे असा भरंवसा त्यात नव्हता. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुण मुलीस असे उत्तर किती लागले असेल, याची कल्पना कवितेच्या वहीवर जीव लावणाऱ्या कोणासही सहज करता येईल.

त्यांनी कविता सोडली नाही. १८८२ साली त्यांचा एक काव्यसंग्रह आणि १८८७ साली एक पद्यनाटक प्रसिद्ध झाले. परंतु दरम्यान त्यांनी एक निराळेच काम हाती घेतले होते. एका खुनाच्या तपासाची कादंबरी त्या लिहू लागल्या होत्या. हे लेखन पुष्कळ दिवस त्यांनी वडिलांपासून लपवून ठेविले, असे सांगतात. अखेर १८७८ साली न्यू यॉर्कच्या पटनम या प्रकाशकांनी ‘द लेव्हनवर्थ केस’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि वयाची बत्तिशी गाठलेल्या या अज्ञात बाईंचे नाव घरोघर जाऊन पोहोचले.

या कादंबरीची योग्यता समजण्यास तिच्या आधीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली आपली पहिली तपासकथा लिहिली. परंतु त्या प्रकारच्या त्यांच्या कथा थोड्या, आणि त्याही लहान. फ्रान्समध्ये एमिल गाबोरियो यांनी १८६६ साली गुन्ह्याच्या तपासाची दीर्घ कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्लंडात विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ १८६८ साली निघाली. श्रीरंगपट्टणच्या लुटीत सापडलेल्या हिऱ्याभोवती तिचे कथानक फिरत असल्यामुळे आपल्या वाचकांस ती ओळखीची आहे. अमेरिकेत मेटा व्हिक्टर या बाईंनी १८६६ च्या सुमारास एक तपासकथा लिहिली होती, परंतु ती परक्या नावाखाली. ग्रीनबाईंस ‘गुप्तपोलिसी कादंबरीची जननी’ म्हणतात, त्याचा अर्थ या वाटेवर त्यांच्यापूर्वी कोणी पाऊलच टाकले नव्हते असा नाही. मात्र स्वतःच्या नावाने, कायद्याच्या नेमक्या ज्ञानासह, आणि जन्मभर न सोडता हा मार्ग ज्यांनी पक्का बांधला, त्यांत त्यांचा मान फार वरचा आहे. सर आर्थर कॉनन डॉईल यांचे शेरलॉक होम्स १८८७ साली अवतरले. म्हणजे त्यापूर्वी नऊ वर्षे ग्रीनबाईंचा तपासनीस आपले काम करू लागला होता.

आता कथानक पाहू. न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील वाड्यात होरेशियो लेव्हनवर्थ नावाचे वृद्ध, धनाढ्य गृहस्थ आपल्या ग्रंथालयात मेजाशी बसलेल्या स्थितीत गोळी लागून मरण पावलेले आढळतात. रात्री घराची दारे बंद होती, बाहेरचा माणूस आत आल्याची खूण नाही. तेव्हा खुनी घरातलाच. घरात दोन पुतण्या, मेरी आणि एलिनॉर, एक चिटणीस आणि नोकरचाकर. मृत्युपत्राप्रमाणे सारी इस्टेट मेरीस मिळावयाची, एलिनॉरला काहीच नाही. कॉरोनरपुढे चौकशी सुरू होते. ‘कॉरोनर’ हा शब्द मुंबईच्या जुन्या वाचकांस नवा नाही. एकामागून एक साक्षीदार येतो, आणि प्रत्येक साक्षीगणिक संशयाचा फास एलिनॉरच्या गळ्याभोवती आवळत जातो. रुमालावरचा डाग, ग्रंथालयाची किल्ली, फाडलेल्या पत्राचा तुकडा, यांपैकी जे जे सापडते ते ते तिच्याकडेच बोट दाखविते. आणि ती स्वतः? ती तोंड उघडावयास तयार नाही.

घराचा नकाशा, फाटक्या पत्राच्या अक्षरांचे चित्र, चौकशीतील प्रश्नोत्तरे, गोळी आणि पिस्तूल यांविषयी जाणकारांची साक्ष, हे सर्व या पुस्तकात वाचकासमोर मांडलेले आहे. वाचकास जणू पंचांच्या बाकावर बसविले आहे. पुढे शेकडो लेखकांनी ही सामग्री वापरून वापरून गुळगुळीत केली. १८७८ साली ती ताजी होती.

तपासासाठी येतो तो एबेनेझर ग्राइस. हा काही तरतरीत, तीक्ष्ण नजरेचा वीरपुरुष नव्हे. स्थूल, वयस्क, संधिवाताने बेजार झालेला असा हा पोलीस. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांत कधीच पाहत नाही. त्याची दृष्टी एखाद्या फुलदाणीवर, दौतीवर वा कोटाच्या बटणावर खिळलेली असते, आणि जे पाहावयाचे ते सारे त्याने पाहून घेतलेले असते. त्याला एक सल आहे. आपण कितीही हुशार असलो तरी थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यात सद्गृहस्थ म्हणून खपत नाही, हे तो जाणून आहे. म्हणून तो एव्हरेट रेमंड या तरुण वकिलाची मदत घेतो. कादंबरी सांगतो तो हा रेमंड.

ग्राइसच्या विचारपद्धतीत या पुस्तकाचे मर्म आहे. शंभरांतील नव्याण्णव गोष्टी एका व्यक्तीकडे निर्देश करीत आहेत, परंतु शंभरावी जर तिच्याशी मुळीच जुळत नसेल, तर उभी केलेली सारी इमारत कोसळली असे तो मानतो. ती शंभरावी गोष्ट कोणती, हे सांगून ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. ती वस्तू अगदी साधी आहे, आणि चौकशीच्या वेळी सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेलेली आहे, एवढेच सांगतो.

कायद्याच्या भाषेत ज्यास परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात, त्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंचा एवढा सोपा पाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कायदेशाळेत हा धोका विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविण्यासाठी या कादंबरीचा उपयोग केला जात असे, अशी नोंद आढळते. वकीलकन्येस याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

या कथेतील आणखी एका पात्राकडे आमच्या गृहिणी-वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधावेसे वाटते. खुनाच्या रात्रीपासून हॅना नावाची मोलकरीण घरातून नाहीशी झालेली असते. ती गेली, म्हणजे तिचाच काही हात असला पाहिजे, असे अनुमान काढावयास कोणास वेळ लागणार? ग्रीनबाई या मुलीचा माग सोडीत नाहीत. तिचे पुढे काय होते ते वाचताना मन विषण्ण होते. आपल्याकडे घरातील एखादी अंगठी किंवा चांदीचे भांडे दिसेनासे झाले, की पहिला संशय कोणावर जातो? भांडी घासणाऱ्या बाईवर, वरकाम्या पोरावर. आणि ते दोघे नसतील तर घरात नव्याने आलेल्या सुनेवर. दोन दिवसांनी वस्तू गादीखाली वा देवघरातल्या कोनाड्यात सापडते. वस्तू सापडली म्हणजे आपण निश्चिंत होतो. परंतु ज्या माणसाकडे आपण दोन दिवस तिरप्या नजरेने पाहिले, त्याच्या मनातून ती नजर दोन दिवसांत जात नाही. न्यायालयात आरोपीच्या बाजूने बोलावयास वकील तरी असतो. माजघरातील या खटल्यात तोही नसतो. ग्रीनबाईंची कादंबरी वाचून ज्या गृहिणीने पुढल्या खेपेस संशय बोलून दाखविण्यापूर्वी एकवार गादी उचलून पाहिली, तिचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.

बाह्य लक्षणांवरून झटपट निवाडा करण्याच्या या खोडीचा अनुभव खुद्द लेखिकेसही आला. पुस्तक गाजू लागले तेव्हा कायद्याची एवढी माहिती आणि तर्काची एवढी शिस्त एखाद्या स्त्रीच्या ठायी असणे शक्य नाही, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळातदेखील या कादंबरीचा कर्ता पुरुष की स्त्री यावर वाद झाला, असे सांगतात. ‘स्त्रीने लिहिले’ हे मुखपृष्ठावर छापलेले असता त्यावर विश्वास बसू नये, आणि ‘स्त्रीस हे येणारच नाही’ या पुराव्याविना केलेल्या समजुतीवर मात्र बसावा! ग्राइसने यावर समोरच्या दौतीकडे पाहत मंद स्मित केले असते.

१८८४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ग्रीनबाईंनी चार्ल्स रोल्फ्स यांच्याशी विवाह केला. नवरदेव वधूहून सात वर्षांनी लहान, आणि व्यवसायाने नट. आमच्याकडील जुन्या मंडळींच्या भुवया यावर वर गेल्या असत्या, तिकडीलही गेल्याच. रंगभूमी सोडावी, या अटीवर सासऱ्यांनी संमती दिली असे म्हणतात. रोल्फ्स यांनी लोखंडी शेगड्यांचे आराखडे काढण्याचे काम पत्करले. १८८७ साली हे जोडपे न्यू यॉर्क संस्थानातील बफलो शहरी स्थायिक झाले. तेथे रोल्फ्स यांच्या हातास लाकूडकामाचा छंद लागला, आणि त्यांनी घडविलेले कोरीव सामान पुढे एवढे नावारूपास आले की आज ते अमेरिकेतील मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहे. रंगभूमीनेही त्यांना पुरते सोडले नाही. ‘लेव्हनवर्थ’चे नाट्यरूप झाले तेव्हा त्यात त्यांनी स्वतः भूमिका केली.

या संसाराचा मोठा भार मात्र बाईंच्या लेखणीने वाहिला. रोझामंड, स्टर्लिंग आणि रोलंड ही तीन मुले झाली, घरकाम वाढले, आणि तरीही कादंबऱ्या निघत राहिल्या. रोलंड पुढे वैमानिक झाला, आणि १९१९ साली चौतीस हजार फुटांवर विमान नेऊन त्याने उंचीचा उच्चांक प्रस्थापित केला. आई दिवसाच्या कामातून सवड काढून कागदावर गुन्हेगारांचा माग काढी, वडील कारखान्यात ओकचे फळे कोरीत. असे ते घर होते. ग्रीनबाईंची शेवटची कादंबरी १९२३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पंचेचाळीस वर्षे ही लेखणी विसावली नाही.

त्यांच्या दोन मानसकन्यांविषयी लिहिले नाही तर हा परिचय अपुरा राहील. १८९७ च्या ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ प्रथम भेटतात. या कुलीन, अविवाहित, प्रौढ बाई न्यू यॉर्कच्या ग्रॅमर्सी पार्क भागात राहतात. मध्यरात्री गाडीचा आवाज ऐकून त्या खिडकीशी येतात, तो शेजारच्या बंद घरात एक पुरुष व एक स्त्री शिरताना दिसतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात एका कोसळलेल्या कपाटाखाली स्त्रीचे प्रेत सापडते. शेजाऱ्यांच्या घरावर नजर ठेवणाऱ्या प्रौढ बाईची आपण किती थट्टा करतो! ग्रीनबाईंनीही ती थोडी केली आहे. अमेलियाबाईंचा कुलाभिमान आणि ‘मी मुळीच चौकस नाही’ हे त्यांचे पालुपद वाचून हसू आल्याविना राहत नाही. पण मृत स्त्रीची टोपी, तिचे हातमोजे, तिचे कपडे यांवरून त्या जे ताडतात, ते पोलिसांस सुचत नाही. कारण कापड, शिवण आणि घरातील टापटीप ही ज्यांची रोजची विद्या, त्यांस त्या वस्तूंची भाषा कळते. ग्राइस प्रथम त्यांना टाळू पाहतो, मग त्यांच्याशी स्पर्धा करतो, आणि अखेरीस मान लववितो. ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पल कादंबरीत अवतरल्या १९३० साली. त्यांची ही थोरली बहीण तेहतीस वर्षे आधीची आहे.

दुसरी व्हायोलेट स्ट्रेंज. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ कथांत ही श्रीमंत घरची तरुण मुलगी मेजवान्या आणि नृत्यसमारंभ यांच्या आडून गुप्तपणे तपासाची कामे पत्करते व त्याचा मोबदला घेते. एवढ्या संपन्न घरच्या मुलीस पैशाची काय गरज, हे कोडे अखेरीस उलगडते. पित्याच्या मनाविरुद्ध विवाह केल्यामुळे घराबाहेर काढलेल्या थोरल्या बहिणीसाठी ती हे सारे करीत असते. पित्याचा शब्द आणि बहिणीची माया यांच्या मधोमध सापडलेल्या या मुलीची स्थिती समजावयास मराठी वाचकास टीपेची गरज लागणार नाही.

आणि इतके असून, स्त्रियांस मताधिकार मिळावा या चळवळीस ग्रीनबाईंचा विरोध होता! स्वतःच्या नावाने लिहिणारी, स्वतःच्या मिळकतीवर घर चालविणारी, पुरुष पोलिसांस मान लवविण्यास लावणाऱ्या नायिका निर्मिणारी ही स्त्री या एका बाबतीत आपल्या काळातील जुन्या पक्षाकडे राहिली. आम्ही या गोष्टीचे समर्थन करीत नाही, आणि ती झाकूनही ठेवीत नाही. नव्याण्णव गोष्टी जुळविल्यावर शंभरावी जुळत नाही, हा त्यांचाच दंडक त्यांच्या चरित्रास लावला तर इतकेच म्हणावे लागते की माणूस एका सूत्रात बांधता येत नाही.

११ एप्रिल १९३५ रोजी बफलो येथे, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ग्रीनबाईंनी इहलोक सोडला. त्यापूर्वीच त्यांची भाषा जुनी वाटू लागली होती. त्यांची पात्रे लांबलचक भाषणे करतात, नायिका वारंवार हात कपाळाशी नेतात, आणि भावनेचा पूर आला म्हणजे तपासाची होडी थोडी वाहवते. हे दोष आहेत. परंतु ख्रिस्तीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात, लहानपणी थोरल्या बहिणीने सांगितलेल्या ‘लेव्हनवर्थ’च्या गोष्टीचा उल्लेख केला आहे, आणि १९६३ च्या ‘द क्लॉक्स’ या कादंबरीत आपल्या पॉयरोच्या तोंडून तिचा गौरव करविला आहे. शिष्येने गुरूचे ऋण असे फेडावे, यात औचित्य आहे.

ज्या कवितेसाठी ग्रीनबाईंचा जीव तळमळला, ती आज कोणी वाचीत नाही. आणि जे लेखन पित्यापासून लपवून करावेसे वाटले, त्यानेच त्यांचे नाव राखले. हाती आलेले काम त्यांनी हलके मानले नाही. वडिलांच्या कचेरीत उमगलेली न्यायबुद्धी त्यांनी करमणुकीच्या पुस्तकात ओतली, आणि लक्षावधी वाचकांस नकळत एक सवय लावू पाहिली: संशय येणे स्वाभाविक आहे, तो बोलून दाखविण्यापूर्वी शंभरावी गोष्ट तपासावी. ज्या पुस्तकाने ही सवय लागते, ते फडताळातून काढून दिवाणखान्यातील कपाटात ठेवावयास आमची हरकत नाही. मुलांच्या हाती ते उघडपणे द्यावे. मात्र अखेरचे प्रकरण आधी वाचावयाचे नाही, एवढी अट घालावी.